लेक्चर नोट्स उघडत नाहीत, उघडल्या तर समीकरणांच्या जागी चौकोन: काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: टीवायबीएस्सीला फिजिक्स आहे, क्वांटम मेकॅनिक्सच्या सरांनी लेक्चर नोट्स ड्राइव्हवर टाकून लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर दिली आहे. लिंक दाबली की परवानगी मागायला सांगतं, पण वर्गातल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर तीच लिंक बिनबोभाट उघडते. ज्या दोन-तीन फाइल्स उघडल्या त्यांत समीकरणांच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं आहेत. लॅपटॉप नाही, सगळं मोबाइलवरच. कोणतं ॲप घेऊ?

ॲपचं पुढे सांगतो. इथे दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक म्हणजे तुम्ही त्या वर्गातले आहात हे ड्राइव्हला कळत नाहीये. दुसरं म्हणजे फाइल ज्या संगणकावर तयार झाली तिथले फॉन्ट तुमच्या मोबाइलवर नाहीत. पहिल्यावर कुठल्याही ॲपचा उपयोग नाही, दुसऱ्यावर थोडाफार आहे. मी पदवी कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि विभागाच्या नोट्स, गूगल क्लासरूम, मूडल (कॉलेजचे कोर्स ऑनलाइन चालवायची प्रणाली) हे सगळं सांभाळणं बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: न उघडणाऱ्या फाइलपेक्षा उघडून चुकीची दिसणारी फाइल जास्त घातक. न उघडणाऱ्या फाइलची तुम्ही तक्रार तरी करता, चुकीची दिसणारी पाठ करून पेपरात लिहून येता.

आधी परवानगीचं. ड्राइव्हवरची फाइल साधारण तीन प्रकारे वाटता येते: ठरावीक लोकांचे ईमेल घालून, कॉलेजच्या डोमेनमधल्या (म्हणजे कॉलेजने दिलेले ईमेल असलेल्या) सगळ्यांना, किंवा लिंक हातात असेल त्या कुणालाही. सरांनी यातलं काय निवडलंय ते तुम्हाला दिसत नाही, पण ओळखता येतं. लिंक कॉपी करा, क्रोममध्ये इन्कॉग्निटो टॅब (जिथे तुमचं कुठलंच लॉगिन चालू नसतं) उघडा आणि तिथे चिकटवा. फाइल उघडली तर ती सगळ्यांना खुली आहे आणि घोळ तुमच्या मोबाइलवरच्या लॉगिनमध्ये आहे. तिथे लॉगिन मागितलं तर फाइल बंदिस्त आहे. मग प्रश्न एवढाच उरतो की कोणत्या अकाउंटला आत घेतलंय.

बहुतेक वेळा ते कॉलेजने दिलेलं अकाउंट असतं. होतं काय, की शिक्षक नोट्स गूगल क्लासरूममध्ये जोडतात, आणि क्लासरूम त्या वर्गात नोंद असलेल्या अकाउंट्सना आपोआप बघायची परवानगी देतं. मग कुणीतरी, कधी सर स्वतः, कधी वर्गाचा प्रतिनिधी, त्याच फाइलची लिंक उचलून व्हॉट्सॲपवर टाकतो. लिंक ग्रुपवर सगळ्यांना मिळते, परवानगी मात्र वर्गात नोंद असलेल्या अकाउंटपुरतीच राहते. तुमच्या मैत्रिणीच्या मोबाइलवर ड्राइव्ह कॉलेजच्या अकाउंटने चालू असणार आणि तुमच्याकडे घरच्या जीमेलने. लिंक तीच, पण आत जाणारा माणूस ड्राइव्हच्या लेखी वेगळा.

म्हणून परवानगी मागणारं पान आलं की घाईघाईने बटण दाबू नका. त्या पानावर तुम्ही कोणत्या ईमेलने आत आहात ते लिहिलेलं असतं, ते वाचा. ड्राइव्ह ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं की अकाउंट बदलता येतं. कॉलेजचं अकाउंट मोबाइलवर घातलेलंच नसेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन घाला. आणि जमलं तर ग्रुपवरची लिंक बाजूला ठेवून क्लासरूम ॲपमधून, त्या विषयाच्या क्लासवर्क विभागातूनच फाइल उघडा. एकाच मोबाइलवर तीन-तीन अकाउंट असलेल्या मुलांची अर्धी रडगाणी एवढ्यानेच थांबतात.

कॉलेजचा आयडी मिळालाच नसेल, किंवा पासवर्ड विसरला असाल, तर सरांच्या मागे लागून काही होणार नाही. पासवर्ड नव्याने देणं हे कॉलेजमधल्या त्या अकाउंट्सच्या ॲडमिनचं काम असतं. ऑफिसात किंवा कॉम्प्युटर विभागात चौकशी करा, ओळखपत्र बरोबर न्या.

परवानगी मागावीच लागली तर बटणाबरोबर दोन ओळी लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. आमच्याकडे विनंती येते तेव्हा फक्त ईमेल दिसतो, आणि आवडता हीरो अधिक जन्मसाल अशा थाटाच्या ईमेलवरून कोण कुठल्या वर्गाचं हे आम्हाला कसं कळणार? पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर आणि विषय लिहिलात तर त्याच दिवशी काम होण्याची शक्यता बरीच वाढते.

सीनियरकडून मिळालेल्या जुन्या लिंकचं एक वेगळं प्रकरण आहे. लॉकडाउनच्या काळात, २०२० मध्ये, नोट्सच्या असंख्य लिंक गावभर फिरल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये गूगलने सुरक्षेसाठी बऱ्याच जुन्या फाइल्सच्या लिंकमध्ये एक जादा किल्ली जोडली. ज्यांनी ती फाइल आधी उघडलेली होती त्यांना फरक पडला नाही, पण जुनी लिंक पहिल्यांदाच वापरणाऱ्याला परवानगी मागावी लागते. सीनियर म्हणतो 'अरे, माझ्याकडे तर उघडतेय', आणि तो खरंच बोलत असतो. त्याला ती फाइल उघडून आत्ताची लिंक नव्याने कॉपी करून पाठवायला सांगा. तरीही नाही जमलं तर फाइल कदाचित उरलेलीच नसेल. शिक्षणसंस्थांना गूगलकडून मिळणारी अमर्याद जागा २०२२ मध्ये बंद झाली आणि संपूर्ण संस्थेला मिळून मूळ १०० टेराबाइटची मर्यादा आली. मोठ्या संस्थांमध्ये त्यानंतर साफसफाई झाली, आणि निवृत्त किंवा सोडून गेलेल्या शिक्षकांची अकाउंट्स अशा वेळी आधी जातात.

परीक्षेच्या आदल्या रात्री आणखी एक संदेश हमखास भेटतो: फार लोकांनी ही फाइल पाहिली किंवा उतरवली, नंतर प्रयत्न करा. तो खोटा नसतो. एका फाइलवर थोड्या वेळात फार गर्दी झाली की ड्राइव्ह ती काही काळ अडवतं, कधी चोवीस तासांपर्यंत. त्यावर इलाज असा नाही, नोट्स आल्या त्या आठवड्यात उतरवून ठेवायच्या.

मूडल वापरणारं कॉलेज असेल तर गोष्ट सोपी आहे. तिथल्या फाइलची थेट लिंक आत लॉगिन असल्याशिवाय चालत नाही, म्हणून मित्राने पाठवलेली लिंक दाबण्याऐवजी स्वतः लॉगिन करून कोर्सच्या पानावरून जा. मूडलचं मोबाइल ॲप चालेल की नाही हे तुमच्यावर नाही, कॉलेजने ती सोय चालू ठेवली आहे का यावर आहे. नसेल चालत तर साधा ब्राउझर पुरतो.

आता दुसरं दुखणं. मला खरं बोलायचंय ते याबद्दल.

तुमच्या सरांच्या फाइल्स पॉवरपॉइंटच्या आहेत असं चौकोनांवरून वाटतं. पीपीटी फाइलमध्ये अक्षरांचे आकार सहसा नसतात. कोणतं अक्षर कोणत्या फॉन्टमध्ये दाखवायचं एवढी सूचना असते, आणि आकार काढून आणायचे ते तुमच्या यंत्राने, स्वतःकडच्या फॉन्टमधून. साध्या इंग्रजी मजकुराचं यात फारसं बिघडत नाही, एका फॉन्टऐवजी दुसरा येतो. समीकरणांचं बिघडतं. विशेषतः जुन्या फाइल्समध्ये, कारण विंडोजवर ग्रीक अक्षरं आणि गणिती चिन्हं अनेक वर्षं 'सिंबल' नावाच्या फॉन्टमधून काढली जायची. या फॉन्टची रचना अशी, की इंग्रजी 'ए'च्या घरात अल्फाचं चित्र, 'बी'च्या घरात बीटाचं, 'पी'च्या घरात पायचं, 'डब्ल्यू'च्या घरात ओमेगाचं. फॉन्ट हजर असला की ओमेगा दिसतो. नसला तर दोन गोष्टी होऊ शकतात. तुमच्या ॲपला त्या घरात काय आहे ते समजलंच नाही तर चौकोन दिसतो. आणि ॲपने हुशारी करून साध्या फॉन्टमधलं अक्षर आणलं, तर ओमेगाच्या जागी सरळ 'डब्ल्यू' छापला जातो.

चौकोन परवडला. चौकोन दिसला की इथे काहीतरी होतं आणि ते आपल्याला दिसत नाही, हे तरी कळतं. दुसऱ्या प्रकारात पान स्वच्छ, नीटनेटकं आणि चुकीचं दिसतं.

हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व घ्या. डेल्टा एक्स गुणिले डेल्टा पी हे एच भागिले चार पाय यापेक्षा मोठं किंवा त्याएवढं. सिंबल फॉन्ट गेला की दोन्ही डेल्टांचे 'डी' होतात. पायचा 'पी' होतो. आणि ≥ हे चिन्ह त्या फॉन्टमध्ये ज्या घरात बसतं, तिथे साध्या फॉन्टमध्ये घाताचा बारीक ३ असतो. म्हणजे मोबाइलवर दिसतं ते असं: डीएक्स, डीपी, पीच्या डोक्यावर घन, पुढे एच भागिले चार पी. असमानता गायब, संवेगाचा घन हजर, आणि छेदात पायच्या ऐवजी पुन्हा संवेग. एच भागिले संवेग म्हणजे लांबी, हे डी ब्रॉयच्या सूत्रावरून तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे मिती तपासली की ही ओळ तिथल्या तिथे पकडली जाते. पण परीक्षेच्या तोंडावर मिती कोण तपासतं? इंटर्नलच्या पेपरात पीच्या डोक्यावरचा हा घन मी स्वतः वाचलाय, आणि लिहिणारी मुलं कच्ची नव्हती.

श्रोडिंगरच्या समीकरणाची अशीच वाट लागते. साय या तरंगफलनाचा इंग्रजी 'वाय' होतो. आंशिक विकलनाचं ∂ जाऊन ¶ ही परिच्छेदाची खूण येते. ∇ च्या जागी डोक्यावर लाट असलेला 'एन' बसतो. ∞ चं होतं ¥, म्हणजे जपानी येन, त्यामुळे अनंत खोलीच्या विभव-विहिरीच्या भिंतींची उंची येनमध्ये मोजलेली दिसते. ≤ ऐवजी £ येतो. वर्गमुळाच्या चिन्हाच्या जागी दोन टिंबांचा 'ओ'. रसायनशास्त्रवाल्यांच्या अभिक्रियेतल्या → ऐवजी ® ही नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण. ही विचित्र चिन्हं एका अर्थी तुमच्या फायद्याची आहेत. क्वांटमच्या नोट्समध्ये येन, पौंड किंवा ट्रेडमार्क दिसला की समजायचं, या फाइलमधल्या साध्या दिसणाऱ्या अक्षरांवरही विश्वास ठेवायचा नाही.

सगळ्यात वाईट अदलाबदल म्यूची. सिंबलमध्ये म्यू 'एम'च्या घरात राहतो. म्हणून मायक्रोमीटरचे मिलिमीटर होतात आणि मायक्रोलिटरचे मिलिलिटर. हजारपट फरक, आणि दिसायला काहीही वावगं नाही, कारण मिलिलिटर हे खरंखुरं एकक आहे. बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलच्या नोट्स मोबाइलवर बघून पिपेट हातात घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एन्झाइमचे पाच मायक्रोलिटर आणि पाच मिलिलिटर यांतला फरक प्रयोगशाळा साहाय्यक तुम्हाला समजावून सांगतीलच, पण त्यांच्या शब्दांत.

समीकरणं चित्राच्या रूपात का येतात, काही ठिकाणी नुसती रिकामी जागा का, हेही याच घराण्यातलं. जुन्या फाइल्समधली समीकरणं 'इक्वेशन एडिटर ३.०' मध्ये लिहिलेली असत. त्यात सुरक्षेची भोकं सापडल्यावर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये ते ऑफिसमधून काढून टाकलं. जुनी समीकरणं संगणकावर दिसतात, पण ती आता त्या एडिटरमध्ये दुरुस्त न करता येणारी चित्रं आहेत, आणि ज्या प्रकारची ती चित्रं असतात तो प्रकार मोबाइलवरच्या अनेक ॲप्सना नीट वाचता येत नाही. नव्या पॉवरपॉइंटमधली समीकरणं वेगळ्या पद्धतीने साठवतात, तीही दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये जशीच्या तशी उतरतील याची खात्री नसते. तुमचे सर पंधरा वर्षांपूर्वीची स्लाइड दरवर्षी तारीख बदलून वापरत असतील, तर एकाच फाइलमध्ये तिन्ही पिढ्यांची समीकरणं सुखाने नांदत असतात. म्हणून काही दिसतात, काहींचे चौकोन, काही बेपत्ता.

उपाय काय? सगळ्यात चांगला उपाय सरांच्या हातात आहे आणि त्याला फार तर दोन मिनिटं लागतात. ज्या संगणकावर त्यांना समीकरणं नीट दिसतात, त्याच संगणकावर फाइल उघडून पीडीएफ म्हणून सेव्ह करायची. पीडीएफमध्ये फॉन्टचे आकार फाइलच्या पोटातच बांधून जातात, त्यामुळे तुमच्या मोबाइलवर काय आहे काय नाही याने फरक पडत नाही. 'त्याच संगणकावर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुम्हीच मोबाइलवर ती पीपीटी उघडून पीडीएफ केलीत तर चौकोनांची पीडीएफ होईल. मोडलेलं मोडलेलंच बांधलं जाईल आणि वर अधिकृत दिसेल.

सरांना संकोचाने सांगता येत नसेल तर हे वाक्य वापरा: 'सर, स्लाइड क्रमांक अमुकवर मला असं दिसतंय', आणि खाली स्क्रीनशॉट. शिक्षकाला स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत असतं, त्यामुळे 'नोट्स दिसत नाहीत' या तक्रारीवर तो 'नीट बघ' एवढंच म्हणतो. येनचं चिन्ह बघितल्यावर असं म्हणता येत नाही.

पीडीएफ होईपर्यंत, ॲपचं तुमचं उत्तर: पीपीटीसाठी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं पॉवरपॉइंट ॲप घ्या. मोबाइलवर फाइल नुसती बघायला ते फुकट चालतं आणि समीकरणांच्या बाबतीत ड्राइव्हच्या झटपट दर्शनापेक्षा किंवा मोबाइलबरोबर आयत्या आलेल्या ऑफिस ॲपपेक्षा बरं निघतं. तेही शंभर टक्के नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा फिजिक्सच्या प्रयोगशाळेत विंडोजचा संगणक असेलच, पेन ड्राइव्ह नेऊन एकदा तिथे फाइल उघडा आणि तिथूनच पीडीएफ करून घ्या. वर्गासाठी एकाने केलं तरी पुरे.

पीडीएफ झाली म्हणून सगळं संपलं असं नाही. सरांच्या स्लाइडमध्ये ॲनिमेशन असेल, एक आकृती जाऊन तिथे दुसरी येत असेल, तर पीडीएफमध्ये दोन्ही एकमेकांवर बसलेल्या दिसतात. उलट ज्यांनी लाटेक या गणिती मजकूर मांडायच्या प्रणालीतल्या बीमरमध्ये स्लाइड केल्या आहेत त्यांच्या पीडीएफमध्ये प्रत्येक टप्पा वेगळं पान होतो. चाळीस स्लाइडच्या फाइलची दीडशे पानं पाहून घाबरू नका, आणि तशीच्या तशी प्रिंट तर मुळीच काढू नका. प्रत्येक स्लाइडचा शेवटचा टप्पा तेवढा घ्यायचा.

आणखी एक, हल्लीच्या सवयीबद्दल. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून एआयच्या चॅटमध्ये टाकायचा आणि 'समजावून सांग' म्हणायचं, हे तुम्ही करत असालच. करा, हरकत नाही, पण कॉपी करताना घात सपाट होतात. प्लांकचा स्थिरांक ६.६२६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात. कॉपी केल्यावर तो १०-३४, म्हणजे दहा वजा चौतीस असा उतरतो. पादांक, वर्गमुळाची व्याप्ती, अपूर्णांकातला अंश-छेद यांचंही तेच. समीकरण हाताने टाइप करा किंवा पानाचा फोटो द्या, आणि आलेलं उत्तर मूळ पानाशी ताडून बघा.

मराठी माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी काही शिक्षक मराठीत टिपणं देतात, त्यांच्याही फाइल्स अशाच फुटतात. कारण तेच. श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे हल्लीची, सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरव्यवस्था) फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल फॉन्टशिवाय उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. इथेही पीडीएफ मागणं हाच सरळ मार्ग. मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरांत आणि रफारात चुका राहतात, वाचून तपासावं लागतं.

हाताने लिहिलेल्या नोट्स स्कॅन करून टाकल्या असतील तर फॉन्टची कटकट नाही, वजनाची आहे. मोबाइलने रंगीत फोटो काढून बनवलेली पीडीएफ पानाला एक-दोन एमबी सहज घेते, म्हणजे एका प्रकरणाची फाइल शंभर एमबीच्या घरात. १०० एमबीच्या वर गेली की ड्राइव्ह व्हायरस तपासता येत नाही म्हणून इशारा देतं, त्याने दचकू नका. अशी फाइल ड्राइव्हमध्ये पुन्हा पुन्हा उघडून वाचणं म्हणजे रोजच्या डेटाचा चुराडा. कॉलेजच्या वायफायवर एकदा उतरवा आणि मोबाइलमधूनच वाचा. टाकणाऱ्यालाही सांगा, स्कॅन करण्याच्या ॲपमध्ये कृष्णधवल पर्याय असतो. त्याने वजन कित्येक पटींनी उतरतं आणि पेनाची रेघ उलट ठळक दिसते. पेन्सिलीच्या फिकट आकृत्या मात्र त्यात उडतात, तेवढी पानं ग्रेस्केलमध्ये ठेवायची.

मोबाइलवर वाचताना पीडीएफ ॲपमधली मजकूर रुंदीप्रमाणे मांडून देणारी सोय बंद ठेवा. कथा-कादंबरीला ती छान आहे, समीकरणांच्या ओळी मात्र ती मोडते. मोबाइल आडवा धरा, कडेचा पांढरा समास बाहेर जाईल इतकं मोठं करा. आणि मला विचाराल तर व्युत्पत्ती स्क्रीनवर वाचायच्याच नाहीत. ज्या दहा-बारा पानांवर व्युत्पत्ती आहेत तेवढ्या पानांची झेरॉक्स काढा, एका कागदावर दोन स्लाइड. गडद पार्श्वभूमीच्या स्लाइड असतील तर प्रिंट करताना शुद्ध काळं-पांढरं निवडायला सांगा, नाहीतर झेरॉक्सवाला टोनरच्या नावाने ओरडतो आणि अक्षरंही वाचता येत नाहीत.

एवढं करूनही नोट्स मिळाल्याच नाहीत तर? क्वांटमपुरतं सांगतो. एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवर ८.०४ हा क्वांटम फिजिक्सचा पदवीस्तराचा कोर्स आहे. त्याची २०१६ ची बार्टन झ्वीबाख यांची आवृत्ती घ्या, तिच्या लेक्चर नोट्स पीडीएफमध्ये आहेत, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, काहींच्या लेखी प्रती मराठीतही केलेल्या आहेत. पण त्या लेखी प्रती म्हणजे बोलण्याचं टंकन आहे. फळ्यावर काय लिहिलं ते त्यात नसतं, 'हे इकडे घेतलं की हे असं होतं' एवढंच असतं. व्युत्पत्तीच्या जागी व्हिडिओ थांबवून फळा बघावाच लागतो. यूजीसीच्या ई-पीजी पाठशाळेत लेखी मजकूर स्वतंत्र मिळतो, तो एमएस्सीच्या पातळीचा आहे, पण टीवायच्या हुशार मुलाला जड जात नाही. चटकन एखादी संकल्पना बघायची तर जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं हायपरफिजिक्स, हलकं आहे आणि टूजीवरही निघेल. रसायनवाल्यांना लिब्रेटेक्स्ट्स हे मोफत ऑनलाइन पाठ्यपुस्तकांचं संकेतस्थळ.

यातलं काहीही घेताना आधी स्वतःचा अभ्यासक्रम शेजारी ठेवा. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची आखणी स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. पेपरांची नावं, श्रेयांक, घटकांची वाटणी बदलली. सीनियरच्या नोट्स चुकीच्या नाहीत, पण त्यातला अर्धा भाग तुमच्या सेमिस्टरला नसेल आणि तुमच्याकडचा एखादा घटक त्यात नसेल. परदेशी नोट्समध्ये चिन्हंही वेगळी असू शकतात. आपल्याकडे एच भागिले दोन पाय असं लांबवून लिहिण्याची सवय आहे, तिकडे सगळीकडे कापलेला एच दिसेल.

एखाद्या प्राध्यापकाचं जुनं पान बंद पडलं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता टाकून बघा. पानाबरोबर पीडीएफही पुष्कळदा सापडते. तिथे किंवा इतरत्र पीएस किंवा डीजेव्हीयू अशी शेपटी असलेली फाइल मिळाली तर ती खराब नाही, जुन्या धाटणीची आहे. संगणकावर ऑक्युलर या फाइल वाचायच्या प्रोग्राममध्ये दोन्ही उघडतात. टेलिग्रामवरच्या 'ऑल नोट्स' चॅनेलवरून एपीके (म्हणजे थेट ॲप बसवणारी) फाइल मात्र कधीही घेऊ नका. नोट्स बघायला नवं ॲप बसवावं लागतं असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. आणि सरांच्या नोट्स अशा चॅनेलवर स्वतःही चढवू नका. त्या त्यांच्या आहेत, आणि एकदा तसं झालं की पुढच्या वर्षी ते काहीच टाकत नाहीत.

तुम्ही टीवायला आहात म्हणून हेही सांगतो. पास झाल्यावर कॉलेजचं अकाउंट बंद होऊ शकतं, केव्हा ते प्रत्येक संस्थेचं वेगळं. एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेला याच नोट्स लागतील, तेव्हा शेवटचं सेमिस्टर संपण्याआधी सगळं उतरवून घ्या.

आत्ता तुमच्यासाठी क्रम असा: इन्कॉग्निटोत लिंक तपासा, मग कॉलेजच्या अकाउंटने क्लासरूममधून उघडा, मग पॉवरपॉइंट ॲपमध्ये अनिश्चिततेच्या तत्त्वाची स्लाइड काढून ≥ दिसतंय का बघा. नाही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून सरांकडे पीडीएफ मागा. एवढ्याने सुटलं नाही तर इथेच खाली लिहा, पण 'उघडत नाही' असं नको. स्क्रीनवर आलेला संदेश जसाच्या तसा, फाइलच्या नावाची शेपटी आणि कोणत्या ॲपमध्ये उघडलीत, एवढं द्या.